झेनिथ : डोक्यावरचा बिंदू

(शब्बाथ संपल्यानंतर आपल्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा, ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेला पाठ)

 

आजच्या व्याख्यानासाठी मी एकच इंग्रजी शब्द निवडला आहे. तो शब्द म्हणजे ‘झेनिथ’. एखाद्या गोष्टीचा सर्वोच्च बिंदू, असा त्याचा अर्थ शाळेत शिकवतात आणि तो चुकीचा नाही. हाच शब्द निवडण्याचे कारण असे की, आपल्या घरांत आणि समारंभांत एक वाक्य आता वारंवार ऐकू येते. ‘बेने इस्राएल समाजाचा झेनिथ मुंबईत होऊन गेला, इथे आता जे उरले आहे ते उरले आहे.’ वडीलधारी माणसे हे वाक्य उसासा टाकून उच्चारतात. तरुण मुले तेच वाक्य इंग्रजीत निर्विकारपणे उच्चारतात, आणि मला तो निर्विकारपणा अधिक लागतो. जे वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारले जाते, त्याचा हळूहळू निकाल बनतो. निकाल मान्य करण्यापूर्वी त्यातील मुख्य शब्द तपासावा, एवढीच माझी विनंती आहे.

प्रथम या शब्दाचे कुळ पाहू. दिसायला तो ग्रीक वाटतो, पण आहे अरबी. अरबी ज्योतिर्विद आपल्या बरोबर डोक्यावर येणाऱ्या आकाशातील बिंदूला ‘सम्त अर्-रास’ म्हणत. ‘सम्त’ म्हणजे मार्ग किंवा दिशा, आणि ‘रास’ म्हणजे मस्तक. हा दुसरा शब्द आपल्याला परका नाही. अरबी ‘रास’ आणि हिब्रू ‘रोश’ ही सख्खी भावंडे आहेत. रोश हशाना म्हणजे वर्षाचे मस्तक, रोश होदेश म्हणजे महिन्याचे मस्तक. तेव्हा ‘सम्त अर्-रास’ म्हणजे मस्तकावरचा मार्ग. मध्ययुगात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये उतरले, तेव्हा हा शब्दसमूह तुटला. पहिला अर्धा राहिला आणि मस्तक गळून पडले. पुढे नकलाकारांच्या हातून ‘म’चे अक्षर ‘नि’सारखे वाचले गेले, आणि ‘सेम्त’चा ‘सेनित’ झाला. त्याच वाटेने इंग्रजीत ‘झेनिथ’ आला. म्हणजे आज सर्वोच्च स्थानासाठी वापरला जाणारा हा भारदस्त शब्द एका वाचनदोषातून जन्मला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘उंची’ असा कधीच नव्हता. तो ‘माझ्या डोक्यावर’ असा होता.

या देशात हा शब्द रुजला तो १४व्या शतकाच्या अखेरीस. कवी चॉसरने १३९१ मध्ये आपल्या दहा वर्षांच्या लुईस नावाच्या मुलासाठी अ‍ॅस्ट्रोलेब या यंत्रावर सोप्या इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. ग्रहताऱ्यांची उंची मोजण्याचे ते पितळी यंत्र. झेनिथ म्हणजे तुझ्या टाळूच्या नेमका वर असलेला बिंदू, अशा अर्थाचे स्पष्टीकरण त्याने मुलाला दिले. चॉसरच्या या पुस्तकाला ज्या लॅटिन ग्रंथाचा आधार होता, तो माशाअल्लाह यांच्या नावावर चालत असे. माशाअल्लाह हे ८व्या शतकातील बसऱ्याचे यहुदी ज्योतिषी. ७६२ मध्ये बगदाद शहराच्या पायाभरणीचा मुहूर्त काढणाऱ्यांत ते होते. तो लॅटिन ग्रंथ खरोखर त्यांचा की नाही, यावर विद्वानांत वाद आहे. पण नाव त्यांचे होते हे खरे. लक्षात घ्या, १२९० मध्ये एडवर्ड पहिला याने यहुद्यांना इंग्लंडमधून हद्दपार केले होते. चॉसरच्या इंग्लंडमध्ये यहुद्यांना राहण्यास बंदी होती, आणि त्याच इंग्लंडमध्ये एक बाप आपल्या मुलाला यहुदी नाव लागलेल्या ग्रंथातून आकाश शिकवीत होता.

त्याही आधीची गोष्ट सांगतो. ११५८ मध्ये रब्बी अब्राहम इब्न एझ्रा लंडनमध्ये होते. तोरावरील त्यांचे भाष्य आजही आपल्या हुमाशाच्या पानांवर छापलेले असते. स्पेनमधून निघून इटली आणि फ्रान्स करीत ते इथे पोहोचले. ‘येसोद मोरा’ हा ग्रंथ त्यांनी लंडनमध्ये लिहिला आणि शब्बाथाचा दिवस कधी सुरू होतो याविषयीचे प्रसिद्ध पत्र त्याच वर्षी इंग्लंडमध्येच लिहिले. अ‍ॅस्ट्रोलेबवरही त्यांचे हिब्रू लेखन आहे. अरबीतील आकाशविद्या हिब्रूत आणणाऱ्या थोर मंडळींत त्यांची गणना होते. ज्याचे उभे आयुष्य गावोगाव हिंडण्यात गेले, अशा माणसाने डोक्यावरच्या बिंदूचा अभ्यास करावा, हे मला फार बोलके वाटते.

‘झेनिथ’च्या विरुद्ध टोकाचा शब्द ‘नेडिर’, म्हणजे पायाखालच्या दिशेने, पृथ्वीच्या पलीकडे येणारा बिंदू. मुलांनो, त्याचा नादिरशहाशी काही संबंध नाही. तो अरबी ‘नझीर’पासून आला, नझीर म्हणजे समोरचा, जोडीचा. ज्याला जोड नाही तो ‘बेनजीर’, हा शब्द आपल्या मोठ्यांनी उर्दू गाण्यांतून ऐकलेला आहे. मराठी खगोलशास्त्रात झेनिथला ‘खस्वस्तिक’ आणि नेडिरला ‘अधःस्वस्तिक’ म्हणतात. ‘ख’ म्हणजे आकाश. ‘शिरोबिंदू’ असाही एक शब्द आहे, आणि अरबीतून येता येता जे मस्तक वाटेत गळाले ते या शब्दाने सुखरूप ठेवले आहे.

आता वापराविषयी. इंग्रजीत उंचीचे शब्द पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘समिट’ डोंगराचा असतो, आणि राष्ट्रप्रमुखांच्या बैठकीचाही. हा दुसरा अर्थ चर्चिल यांनी फेब्रुवारी १९५० मध्ये एडिंबरो येथील भाषणात या शब्दाचा वापर केल्यानंतर रूढ झाला. ‘पीक’ आलेखाचा आणि गर्दीच्या वेळेचा. ‘एपेक्स’ त्रिकोणाचे टोक. ‘पिनॅकल’ हा मुळात इमारतीवरचा निमुळता मनोरा. लॅटिनमधील पिसाच्या शब्दावरून तो आला. ‘क्लायमॅक्स’ म्हणजे ग्रीक भाषेत शिडी. शिडीचे नाव पुढे शेवटच्या पायरीला मिळाले. डोंगराचा झेनिथ असू शकत नाही, कारण झेनिथ जमिनीवर कुठेच नसतो. लाक्षणिक अर्थाने मात्र तो कीर्तीचा, सत्तेचा, कारकिर्दीचा असतो. शेक्सपियरच्या ‘टेम्पेस्ट’ नाटकात प्रॉस्परो आपल्या भाग्याच्या संदर्भात तो वापरतो. उच्चार या देशात ‘झेनिथ’ असा ऱ्हस्व आहे. अमेरिकेत ‘झीनिथ’ असा दीर्घ ऐकू येतो.

हिब्रूत डोंगरमाथ्याला ‘पिसगा’ म्हणतात. मोशे रब्बेनू पिसगाच्या माथ्यावर चढले, तिथून त्यांनी वचनदत्त भूमी पाहिली, आणि ते तिथेच राहिले. आजच्या हिब्रूत राष्ट्रप्रमुखांच्या शिखर परिषदेलाही ‘पिसगा’ हाच शब्द लावतात. शिखर असे असते. ते एका जागी राहते. आपण त्यावर चढतो, उतरतो किंवा त्याला मागे टाकून निघून जातो. शिखराविषयी ‘होऊन गेले’ असे म्हणणे शक्य आहे. झेनिथविषयी ते म्हणता येईल का, हे पाहण्यासाठी आपल्याला कोकणात जावे लागेल.

आपल्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि वाचलेल्या कुटुंबांपासून आपला समाज वाढला. ही मंडळी अलिबाग, रेवदंडा, पेण या भागांतील गावांत राहिली, तेलाचे घाणे चालवू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. त्या किनाऱ्यावर दरवर्षी मे महिन्याच्या मध्यास एक चमत्कारिक दुपार येते. सूर्य अगदी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी नाहीशी होते. मुंबईत हे १५ मेच्या आसपास, दुपारी साडेबारा वाजून गेल्यावर घडते; आता त्याला ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात. जुलैच्या अखेरीस तो योग पुन्हा येतो, पण तेव्हा आकाश पावसाने भरलेले असते. पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्य डोक्यावर येण्याचा हा मान केवळ कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या प्रदेशाला मिळतो.

येरुशलेम त्या पट्ट्यात नाही. ते सुमारे ३२ उत्तर अक्षांशावर आहे. तिथे ऐन उन्हाळ्यातही सूर्य डोक्यावरून काही अंश दक्षिणेलाच राहतो. दावीद राजाने आणि नबींनी येरुशलेमात राहून जे कधीच पाहिले नाही, ते कोकणातील आपला तेली दर वैशाखात आपल्या अंगणात पाहत होता. आणि आपण इथे? लंडनमध्ये २१ जूनला भर दुपारी सूर्य फार तर ६२ अंश वर चढतो. ग्लासगोत ५८ अंशही नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लंडनला तो १५ अंशांवरच घुटमळतो आणि माणसाची सावली त्याच्या उंचीच्या पावणेचार पट लांब पडते. खऱ्या अर्थाने सूर्याचा झेनिथ या बेटावर कधी झालाच नाही आणि होणारही नाही. इथल्या भाषेत तो केवळ अलंकार म्हणून वापरात आहे.

आपल्या हलाखेने मात्र या गोष्टीचा मोठ्या समजुतीने विचार केलेला आहे. प्रार्थनेच्या वेळा ठरविताना सूर्य डोक्यावर आला का, हा प्रश्न विचारला जात नाही. ‘हात्सोत’ विचारले जाते, म्हणजे दिवसाचा मध्य, जेव्हा सूर्य त्या जागेपुरता, त्या दिवसापुरता सर्वांत उंच असतो. त्यानंतर अर्धा तास लोटला की मिन्हाची वेळ सुरू होते. डिसेंबरातील १५ अंशांचा फिकट सूर्यही हात्सोत देतो, आणि मे महिन्यातील कोकणचा तळपता सूर्यही हात्सोतच देतो. लंडनमध्ये उन्हाळ्यात ते घड्याळाच्या एकनंतर येते, कारण घड्याळ एक तास पुढे केलेले असते. प्रत्येक दिवसाला त्याचे हात्सोत मिळते. कालच्यापेक्षा आजचा सूर्य खाली होता म्हणून आजची मिन्हा रद्द होत नाही.

आता झेनिथचा सर्वांत महत्त्वाचा गुण सांगतो. तो माणसाबरोबर चालतो. उत्तरेकडे वा पूर्वेकडे, कुठेही सुमारे १११ किलोमीटर गेलात की तुमचा झेनिथ ताऱ्यांमध्ये एक अंश सरकतो. मुंबईपासून लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. म्हणजे आपले आईवडील बोटीने किंवा विमानाने इथे आले, तेव्हा त्यांच्या डोक्यावरचा बिंदू सुमारे ६५ अंशांनी सरकला. मुंबईच्या डोक्यावरचा तो जुना बिंदू आज लंडनमधून पाहायचा झाला तर कुठे आहे? मी गणित करून पाहिले. तो जवळजवळ नेमक्या पूर्वेला आहे, क्षितिजापासून सुमारे २५ अंश वर.

पूर्वेला म्हणताच तुमच्या ध्यानात येईल. कोकणात आणि मुंबईत येरुशलेम पश्चिमेला, म्हणून आपल्या सिनेगॉगमध्ये हेखाल पश्चिमेच्या भिंतीला असे. इथे आल्यावर आपण पाठमोरे झालो. आता पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतो. येरुशलेमची अचूक दिशा लंडनहून थोडी दक्षिणेला झुकते, पण मन पूर्वेकडेच लागते. म्हणजे अमिदाला उभे राहून नजर किंचित वर उचलली, तर येरुशलेमच्या थोडे डावीकडे मुंबईचे आकाश आहे. ते मागे राहिलेले नाही. या देशात ते आपल्या समोर आले आहे.

डोक्यावर मात्र आता दुसरा तारा आहे. मुंबईच्या डोक्यावरून स्वातीचा तारा जातो. मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास गच्चीवर उताणे पडलेल्या अनेकांनी तो पाहिला असेल, नाव ठाऊक नसले तरी. लंडनच्या डोक्यावरून कालेय तारकासमूहातील एक तारा जातो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास, ढग नसतील तर मान वर करून पाहा. त्याचे नाव ‘एल्टानिन’. हेही अरबी, ‘अत्-तिन्नीन’वरून, म्हणजे महासर्प. हाच शब्द हिब्रूत ‘तानीन’ आहे, आणि बेरेशीतच्या पहिल्याच अध्यायात, पाचव्या दिवशीच्या निर्मितीत तो येतो. गंमत अशी की, लंडनहून स्वाती दक्षिणेकडे जितका कललेला दिसतो, जवळजवळ तितकाच एल्टानिन मुंबईहून उत्तरेकडे कललेला दिसतो. दोन्ही तारे दोन्ही शहरांतून दिसतात. कोणता डोक्यावर आणि कोणता बाजूला, एवढाच फरक.

या एल्टानिनने या देशाच्या शास्त्रात मोठे काम केले आहे. रॉबर्ट हूकने १६६९ मध्ये लंडनच्या ग्रेशम कॉलेजमधील आपल्या खोलीच्या छपराला भोक पाडून त्यातून हा तारा पाहिला. १७२५ मध्ये सॅम्युअल मोलिन्यू आणि जेम्स ब्रॅडली यांनी क्यू येथील घरात उभी दुर्बीण टांगून तोच तारा पुन्हा धरला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा पुरावा त्यांना हवा होता. तारा वर्षभरात किंचित हलताना दिसला, पण अपेक्षित दिशेने नाही. ब्रॅडलीने त्याचे कारण शोधून १७२९ मध्ये प्रसिद्ध केले : प्रकाशाला वेग आहे आणि पृथ्वी चालते आहे, म्हणून येणारा प्रकाश तिरपा भासतो. धावत्या माणसाला सरळ पडणारा पाऊस समोरून आल्यासारखा वाटतो, तसेच हे. आकाशात इतके तारे असता त्यांनी डोक्यावरचाच तारा का घेतला? क्षितिजाकडून येणारा प्रकाश हवेच्या जाड थरातून येताना वाकतो आणि तारा खऱ्या जागेहून वर दिसतो. डोक्यावरून सरळ येणारा प्रकाश वाकत नाही. दूरच्या, क्षितिजाजवळच्या वस्तूंना हवा थोडी उचलून दाखविते. स्मरणाचेही तसेच आहे, असे मला वाटते. गेलेला काळ आपल्याला त्याच्या खऱ्या जागेहून थोडा वर दिसतो.

आता त्या मूळ वाक्याकडे येऊ. आपला झेनिथ मुंबईत होऊन गेला, असे म्हणणाऱ्यांना मी आदराने विचारतो, कोणत्या वर्षी? १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल एझेकिएल, यांनी मुंबईत शाआर हाराहामीम उभारले तेव्हा? आपले आजोबा त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. पण तेव्हा समाजातील बहुसंख्य लोक कोकणच्या खेड्यांत होते आणि हिब्रू जाणणारे मोजकेच. १८७५ मध्ये हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी मुलांसाठी शाळा काढली तेव्हा? जी पुढे सर एली कदूरी स्कूल झाली, ती सुरू करताना केहिमकरांना समाज शिखरावर वाटत असता तर शाळेची गरजच पडली नसती. १९३७ मध्ये डॉ. एलिजा मोझेस मुंबईचे महापौर झाले तेव्हा? की १९६४ मध्ये, जेव्हा इस्राएलमधील आपल्या बांधवांनी दीर्घ संघर्ष करून आपले यहुदीपण निःशंकपणे मान्य करून घेतले? त्या वर्षी तर मुंबईतील घरे रिकामी होत होती. प्रत्येक पिढीला आधीची पिढी उंच वाटली, आणि प्रत्येक पिढीने आपल्या दिवसाचे हात्सोत गाठून त्या दिवसाचे काम केले.

दोन नावे घेतो, कारण ती याच देशाशी जोडलेली आहेत. डॉ. जेरुशा झिराड पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लंडनमध्ये वैद्यकशास्त्र शिकल्या, एम.डी. झाल्या, परत गेल्या आणि १९२८ पासून मुंबईच्या कामा हॉस्पिटलची धुरा त्यांनी वाहिली. कवी निस्सीम इझिकेल १९४८ मध्ये लंडनला आले, सुमारे चार वर्षे अडचणीत काढून परतले, आणि पुढे भारतीय इंग्रजी कवितेचे अग्रणी ठरले. यांचा झेनिथ कुठे होता? लंडनमध्ये असताना लंडनच्या आकाशात, मुंबईत असताना मुंबईच्या. दोघांनीही जिथे पाय होते तिथे ताठ उभे राहून काम केले. शब्दाची अट एवढीच आहे.

आणखी एक विषय येथे काढणे मला भाग आहे. काही कुटुंबांकडून अशी सूचना आली आहे की, मुलांना देवनागरी वाचता येत नाही, तेव्हा ही मराठी व्याख्याने बंद करून सर्व इंग्रजीतच करावे. सूचना प्रामाणिक आहे. मुलांना कळले पाहिजे ही तळमळ त्यामागे आहे. तरीही माझे मत मांडतो.

१७७४ मध्ये राजज्योतिषी नेव्हिल मॅस्कलिन स्कॉटलंडमध्ये पर्थशायरच्या शिहॅलियन डोंगरावर गेले. झेनिथ ठरवायचा तर गवंड्याचा ओळंबा लागतो. दोरी ज्या रेषेत लोंबते तीच रेषा वर वाढविली की झेनिथ. मॅस्कलिन यांना दाखवायचे होते की, मोठ्या डोंगराशेजारी ओळंबा किंचित डोंगराकडे ओढला जातो. तसे झालेही. पण हे त्यांना कळले ते डोंगराच्या दोन बाजूंनी, उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून मोजल्यामुळे. दोन्ही मापांतील फरकात डोंगराची ओढ सुमारे १२ विकलांची निघाली. एका अंशाचे ३,६०० भाग केले तर त्यातील १२. एकाच बाजूला उभे राहिले असते तर वाकलेला ओळंबाच त्यांना सरळ वाटला असता.

आपण संख्येने फार थोडे आहोत आणि एका मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो. तो डोंगर वाईट नाही. त्याने आपल्याला आसरा दिला आहे. पण त्याची ओढ आहे. आपला ओळंबा किती कलला, हे ओळखायचे तर मोजण्याची दुसरी जागा हवी, आणि ती जागा आपल्याला मराठी देते. एकच उदाहरण पाहा. झेनिथला कोकणातील साध्या बोलीत काय म्हणाल? आपण म्हणतो, ‘आनंद शिगेला पोहोचला.’ शीग म्हणजे काय, मुलांना सांगा. धान्य मापताना पायली काठोकाठ भरते, आणि मग काठाच्या वर जी रास उभी राहते, ती शीग. उदार माणूस शीग लावून माप देतो. कंजूष माणूस काठावर हात फिरवून ती पाडतो. हा उंचीचा अगदी वेगळा अर्थ आहे. इथे सर्वांत वरचे दाणे मापात धरलेले नसतात. ते घेणाऱ्याच्या ओटीत जातात. ‘झेनिथ’ शब्द विचारतो, तू किती वर गेलास. ‘शीग’ विचारते, माप भरल्यावर तू दुसऱ्याला किती दिलेस. केहिमकरांची शाळा ही शीग होती. कामा हॉस्पिटलमधील डॉ. झिराड यांची सेवा ही शीग होती. केवळ इंग्रजीत वाढलेल्या मुलाला झेनिथ कळेल, शीग कळणार नाही. आणि मग आपल्या समाजाचे मोजमाप तो एकाच मापाने करील व म्हणेल की, आमचे दिवस गेले.

म्हणून माझी सूचना अशी. व्याख्याने दोन्ही भाषांत व्हावीत. महिन्यातून एक मराठीत होऊ द्या, आणि ते मुलांना घरी मोठ्यांनी समजावून सांगावे. समजावताना मोठ्यांनाही शब्दांचा अर्थ नव्याने लागेल. देवनागरी शिकविण्यासाठी रविवारी एक तास द्यायला मी तयार आहे. आणखी दोघे-तिघे पुढे आले तर उत्तम. आपल्या माध्यान्हाला हे एवढे काम आहे.

मुलांसाठी शेवटी एक सोपा पाठ देतो. उद्या दुपारी, घड्याळात पाहून नव्हे तर सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा, बागेत एक काठी उभी करा आणि सावली मोजा. मग मुंबईतील मावशीला किंवा आत्याला दूरध्वनी करून त्यांच्याकडील सावली मोजायला सांगा. दोन्ही आकडे शेजारी लिहून पुढच्या शनिवारी माझ्याकडे आणा. त्यातून पृथ्वी किती मोठी आहे ते आपण काढू. काठी मात्र ओळंब्यात उभी असली पाहिजे.